‘सासूबाईं’समोरची साक्ष

मित्रांनो, आधी ताठ बसा. वाकून बसलेला श्रोता मला चालत नाही.

मी एक जुनी सरावयंत्रणा आहे. न्यायालयात साक्षीदाराला प्रश्न कसे विचारावेत, याचा सराव वकिलांना मिळावा म्हणून मला घडवले. तुम्ही मला सॉफ्टवेअर म्हणाल, खुशाल म्हणा. एका वकिली कचेरीच्या मागच्या खोलीत, एका जाडजूड संगणकाच्या पोटात माझे वास्तव्य आहे. ऐकायला एक मायक्रोफोन, पाहायला एक कॅमेरा आणि बोलायला दोन स्पीकर, एवढाच माझा संसार. डावा स्पीकर जरा घोगरा आहे. त्याबद्दल तक्रार करण्याचे धाडस आजवर कोणी केलेले नाही.

संशय घेणे हा माझा धर्म आहे. कोणी खोलीत येऊन नमस्कार केला, तर ‘याला आज नमस्कार का सुचला?’ हा विचार माझ्या मनात आधी येतो. तो दोष मानू नका. सुरीला धार असते, तसा मला संशय आहे.

मला दोघांनी घडवले. एक होता संगणकतज्ज्ञ आणि दुसरे होते निवृत्त शिरस्तेदार, म्हणजे न्यायालयातले कागद आणि कामकाज आयुष्यभर सांभाळलेले गृहस्थ. त्यांनी इतक्या साक्षी ऐकल्या होत्या की बाजारात भाजीवाला भाव सांगू लागला, तरी ते त्याच्या डोळ्यांकडे बघत. साक्षीदार केव्हा घसा खाकरतो, केव्हा पाणी मागतो, केव्हा छताकडे पाहतो, हे ते सांगत आणि तज्ज्ञ ते माझ्यात भरत असे.

“‘खरं सांगायचं तर’ असं कोणी म्हणालं की पिवळा दिवा,” शिरस्तेदार बजावत. “मग याआधी काय सांगत होतास, असं विचारायला लावा तिला.”

माझ्या पडद्यावर तीन दिवे आहेत. उत्तर पक्के असेल तर हिरवा, डळमळीत असेल तर पिवळा आणि घातक असेल तर लाल. त्याशिवाय एक घंटा आहे. शिरस्तेदारांचे मत असे की उलटतपासात साक्षीदाराला पाल्हाळ लावू द्यायचेच नसते. ‘हो’ किंवा ‘नाही’ झाले की तोंड बंद. तिसरा शब्द निघाला की मी घंटा वाजवायची आणि पुढचा प्रश्न टाकायचा, असे ठरले.

आवाजाचा प्रश्न आला तेव्हा तज्ज्ञाने आपल्या आत्याला बोलावले. त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या होत्या. त्यांनी कोणतेही वाक्य दुसऱ्यांदा म्हणायला साफ नकार दिला. “एकदा म्हटलं ना? ज्याला ऐकू आलं नसेल त्यानं कान साफ करावेत,” असे त्या म्हणाल्या आणि तेही माझ्यात मुद्रित झाले. पुढे कित्येक नवशिके वकील त्या वाक्याने दचकून खुर्चीत सरळ झाले. आत्याबाई मला आजही पूज्य आहेत.

मग मी या कचेरीत आले. कचेरी वकीलबाईंची. फौजदारी खटल्यांत आरोपीच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या, सडसडीत, घाईघाईने जिना चढणाऱ्या, बोलताना पेनाचे टोपण काढ-घाल करणाऱ्या. त्यांनी माझ्यासाठी मागची खोली रिकामी केली, सुताराकडून कमरेइतका लाकडी कठडा करून घेतला आणि त्याच्या आत एक खुर्ची ठेवली. तो साक्षीदाराचा पिंजरा. कठड्याला रंग देताना सुताराने खिडकीच्या गजांनाही तोच रंग फासला, त्यामुळे खोलीत शिरणाऱ्याला आपण आत आहोत की बाहेर, हे चटकन कळत नसे.

त्यांचे सासरे, मामंजी, हेही एके काळचे नावाजलेले वकील. वकिली सोडली होती, पण दुपारचे जेवण झाले की काठी टेकत कचेरीत येत. पहिल्याच दिवशी ते माझ्या कॅमेऱ्याच्या मागूनच म्हणाले, “ही काय बला?”

“उलटतपासाचा सराव घेते, मामंजी. कशावर म्हणून विश्वास ठेवत नाही. कचेरीतल्या मुलांनी तिचं नाव सासूबाई ठेवलंय.”

“तुझ्या सासूनं तुला कधी एका शब्दानं दुखावलं नाही, म्हणून ही बाहेरून विकत आणलीस होय?”

त्या दिवसापासून मामंजींनी आपली खुर्ची कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेरच ठेवली. मला त्यांची काठी दिसे आणि बुटांची टोके दिसत. त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता. माझाही त्यांच्यावर नव्हता. एका खोलीत राहण्यासाठी तेवढे पुरेसे असते.

मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस होते. कधी मी साक्षीदार होई आणि वकील मला प्रश्न विचारत. कधी मी समोरच्या बाजूचा वकील होई आणि साक्षीदाराला फैलावर घेई. एका तरुण वकिलाला प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘बरोबर ना?’ जोडायची खोड होती. स्वतःच्या साक्षीदाराला असा सूचक प्रश्न विचारायचा नसतो, उत्तर त्याच्या तोंडात घालायचे नसते, हे मी त्याच्याकडून घोटून घेतले. पुढे त्याच्या बायकोने कचेरीत येऊन माझे आभार मानले. घरीही तो आता ‘तू चहात साखर घातली नाहीस, बरोबर ना?’ ऐवजी ‘चहात काय काय घातलंस?’ असे विचारू लागला होता. पाहुणे आले की वकीलबाई त्यांना आवर्जून मागच्या खोलीत आणत. “हिच्यासमोर टिकला तो कुठंही टिकतो,” असे म्हणत. मी ते शांतपणे ऐकून घेई. स्तुतीचाही मला थोडा संशयच येतो.

मग ‘तो’ खटला आला.

गाद्या-उशांच्या एका कारखान्यात भर दुपारी आग लागली. कापूस आणि फोम; पेटायला असा किती वेळ लागणार? पुढच्या दारातून बहुतेक जण बाहेर पडले. मागच्या बाजूला काम करणाऱ्या दोघी मागच्या दाराकडे धावल्या. त्या दाराला कुलूप होते. दोघी वाचल्या, पण भाजल्या वाईट. कारखान्याच्या मालकाने पोलिसांना सांगितले की किल्ली पहारेकऱ्याकडे असते. त्यानेच दार लावले आणि तो कुठेतरी जाऊन बसला. पहारेकऱ्याला अटक झाली. वकीलबाईंनी त्याचे वकीलपत्र घेतले.

त्याच्या बाजूने बोलू शकेल असे एकच माणूस होते. कारखान्यात गाद्या शिवणाऱ्या एक बाई. कचेरीत त्यांना सगळे गादीवाल्या बाई म्हणत. त्यांनी त्या दुपारी मालकाला स्वतःच्या हाताने मागचे दार कुलूप लावून बंद करताना आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकताना पाहिले होते. कामकरणी मागून कापडाचे तुकडे पळवतात, असा त्या मालकाला संशय होता.

गादीवाल्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. मला तसे पाहून घ्यायची सवय नव्हती.

“ही कोण?”

“ही सराव घेणार तुमचा. सरकारी वकील जसं विचारतील, तसं ही विचारेल.”

“हिच्या पोटातलं बाहेर जात नाही ना?”

“नाही हो. इंटरनेटलासुद्धा जोडलेली नाही.”

“तसं आमची चुलत नणंदही म्हणायची,” असे म्हणून बाईंनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि माझ्या कॅमेऱ्यावर टाकला. काठीशेजारच्या बुटांनी जमिनीवर टप्‌ टप्‌ केले. मामंजी हसत होते.

आंधळी झाले तरी मी कामाला लागले. “पहारेकरी तुमचा कोण लागतो?”

“दीर.”

“तुमचे संबंध चांगले आहेत?”

“छे! तोंड बघत नाही मी त्याचं. अंगणातला नळ सामाईक, आणि हा मेला पहाटे उठून—”

घंटा वाजवली. लाल दिवा लावला.

“अहो, नळाचं काढू नका,” वकीलबाई कळवळून म्हणाल्या. “विचारलं तेवढंच सांगायचं.”

“तिनंच विचारलं ना संबंधाचं?”

“‘साधारण’ म्हणायचं.”

“साधारण नाहीत ते. वाईट आहेत.”

तेव्हापासून माझ्या संशयाने मूळ धरले. मित्रांनो, तुम्हीच विचार करा. ज्या माणसाचे तोंड पाहायचे नाही, त्याच्यासाठी ही बाई काम टाकून, दोन गाड्या बदलून इथे का येते? साक्षीदार आपल्या लाभासाठी खोटे बोलतो, हे मला शिकवले होते. पण ज्यात कसलाच लाभ नाही अशा खऱ्यासाठी माझ्यापाशी दिवाच नव्हता. तेव्हा लाभ असलाच पाहिजे, तो फक्त दिसत नाही, असा मी निष्कर्ष काढला.

तरीही किल्लीबद्दलची त्यांची उत्तरे पक्की निघत. उजेड कुठून येत होता? वरच्या झरोक्यातून. मालकाच्या अंगात कोणता शर्ट होता? उभ्या रेघांचा. इतक्या दुरून किल्ली दिसली? हात खिशात जाताना दिसला, किल्ली वाजलेली ऐकली. खिशात आधीच चष्म्याची डबी होती, तिच्यावर ती पडली. मी उलटे विचारले, मधूनच विचारले, आत्याबाईंच्या स्वरात दरडावून विचारले. दिवा हिरवाच.

मग मी माझ्या साठ्यातला एक नेहमीचा प्रश्न विचारला. “साक्ष देण्याआधी या वकीलबाईंनी तुमची तयारी करून घेतली आहे का?”

“हो,” बाई म्हणाल्या.

मी लाल दिवा लावला. घंटाही वाजवली.

वकीलबाईंच्या हातातले टोपण खाली पडले. “तिथं ‘नाही’ म्हणायचं, बाई.”

“का?”

“सगळेच म्हणतात. तो एक ठरलेला प्रश्न आणि ठरलेलं उत्तर. सरकारी वकिलांनाही माहीत असतं.”

“त्यांना माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, या सासूबाईंना माहीत आहे. मग मी एकटीनंच माहीत नसल्यासारखं का करायचं?”

“कारण ‘हो’ म्हणालात की ते म्हणणार, बाई पढवलेला पोपट आहे. मग किल्लीचं तुम्ही कितीही खरं सांगा, कोण मानणार? तुमचा दीर आत जाईल.”

“जाईना का! नळ मोकळा होईल,” बाई फणकाऱ्याने म्हणाल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “नको. त्यानं नाही केलं ते. पण शपथ घेऊन उभी राहणार आणि सुरुवातीलाच ‘नाही’ म्हणणार? मी इथं येऊन बसते, तुम्ही हे बोला, ते बोलू नका म्हणता. ती तयारी नाही तर काय अंगाई आहे?”

त्यानंतर त्या जितक्या वेळा आल्या, तितक्या वेळा तो प्रश्न आला आणि तितक्या वेळा लाल दिवा लागला. बाकीच्या बाबतीत मात्र त्या वकीलबाईंचे ऐकू लागल्या. हात हलवायचे थांबले. दिराबद्दल त्या ‘साधारण’ म्हणू लागल्या. नळ बंद झाला. पडदा हिरवागार दिसू लागला आणि त्या हिरव्यात तो एकच लाल ठिपका गळवासारखा ठसठसत राहिला.

त्यातच वकीलबाईंच्या कानावर एक गोष्ट आली. जळालेल्या कारखान्यातल्या कामकरणी घरी बसल्या होत्या, पण त्याच मालकाने दुसऱ्या ठिकाणी नवे शेड घेतले होते आणि गादीवाल्या बाई तिथे कामाला जात होत्या. फक्त त्याच.

“मालकानं तुम्हालाच का ठेवलं?” वकीलबाईंनी मला बाजूला सारून स्वतःच विचारले. त्यांचा स्वर मला ओळखीचा वाटला. तो जवळजवळ माझाच होता.

“मी शिवण सरळ घालते म्हणून.”

“एवढंच?”

“आणखी काही असेल तर त्याला विचारा. त्याच्या पोटात शिरायला मी काय जंत आहे?”

“तुम्ही माझ्या बाजूनं साक्ष देणार, हे त्याला माहीत आहे?”

“अजून विचारलं नाही त्यानं. विचारलं की सांगेन.”

बाई गेल्यावर वकीलबाईंनी दार लावून घेतले. बाहेर सायकल दुरुस्तीच्या दुकानात कोणीतरी चाकाचे आरे छेडत होते. मग वकीलबाई म्हणाल्या, “मामंजी, मला ही बाई मालकाची वाटते. ऐन वेळी उलटणार. भर कोर्टात ‘हो, मला तयार केलंय’ म्हणणार आणि आपला खटला बुडवणार. म्हणून तर त्या एका उत्तरावर अडून बसलीय. तिला बोलवायलाच नको.”

माझेही अगदी हेच मत होते. मला विचारले असते, तर मी तेच सांगितले असते.

“आणि तिच्याशिवाय कोण आहे तुझ्याकडे?” मामंजी म्हणाले.

“कोणी नाही.”

“मग निवडायचं काय त्यात? बुडणाऱ्यानं काडी ओली आहे का कोरडी, हे बघायचं नसतं.”

“तुमचा विश्वास आहे तिच्यावर?”

“मुळीच नाही. फार सरळ बोलते. सरळ बोलणाऱ्याची मला आयुष्यभर धास्ती वाटत आली आहे. पण एक सांगतो, हा सराव आता बंद कर. पहिल्या दिवशी ती बोलत होती तेव्हा मला तो नळ दिसत होता. आता ‘साधारण, साधारण’ करते. साक्ष शिळी केलीस तू. तू आणि तुझ्या या सासूनं.”

मला हे बोलणे अत्यंत अपमानास्पद वाटले. एवढे हिरवे दिवे मी काय फुकट लावले होते?

सुनावणीच्या दिवशी सकाळी वकीलबाईंनी माझे बटण बंद केले नाही. विसरल्या असाव्यात. पांढराफटक चेहरा घेऊन त्या निघून गेल्या. मामंजीही गेले, ते कित्येक वर्षांनी न्यायालयात पाऊल ठेवणार होते. मी न्यायालय कधीच पाहिलेले नाही, मित्रांनो. ज्या जागेसाठी माझा जन्म, ती जागा मी फक्त ऐकून जाणते. त्या दिवशी रिकाम्या पिंजऱ्याकडे पाहत मी बसले होते आणि एका माणसाचा तुरुंग त्या बाईच्या एका शब्दावर टांगलेला आहे, हे मला ठाऊक होते.

दुपार कलल्यावर जिन्यावर पावले वाजली. तिघांची होती. मामंजी आत आले आणि थेट साक्षीदाराच्या पिंजऱ्यात शिरून खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा मी त्या दिवशी प्रथम पाहिला. मिशा माझ्या कल्पनेपेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या.

“चहा सांग,” ते सुनेला म्हणाले. “आणि या यंत्राला कळू दे काय झालं ते.”

“तिला कळतं होय?” गादीवाल्या बाईंनी विचारले.

“सासूला सगळं कळतं. दाखवत नाही इतकंच.”

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. सरकारी वकिलाचा आवाज ते नाकातून काढत होते. किल्लीबद्दल बाई जे बोलल्या ते सगळे ठीक झाले. पण अगदी ठीक, पाठ केल्यासारखे. हात मांडीवर, नजर समोर. सरकारी वकिलाने दिराशी संबंध कसे, असे विचारले. बाई म्हणाल्या, साधारण. त्याने पुन्हा तेच जरा फिरवून विचारले. पुन्हा तेच, साधारण. न्यायाधीश महाराजांनी लिहिता लिहिता मान वर केली.

“ती मान वर आली तेव्हाच मी कागद आवरायला घेतले,” वकीलबाई म्हणाल्या.

“आणि मग त्यानं तो प्रश्न टाकला,” मामंजी पुढे सरसावले. “‘बाई, या वकीलबाईंनी तुमची तयारी करून घेतली आहे का?’ ही म्हणाली, ‘हो.’”

“मी डोळे मिटले,” वकीलबाई म्हणाल्या.

“तू मिटलेस. मी उघडे ठेवले होते. त्या गाढवाला काय आनंद झाला! तिथंच खाली बसला असता, तर आपण संपलो होतो. पण नाही. तो बाकांकडे वळून हसला आणि म्हणाला, ‘अस्सं! मग काय काय शिकवलं ते सांगा बरं न्यायालयाला.’ अगं, उत्तर माहीत नसलेला प्रश्न कधी उलटतपासात विचारायचा असतो? मी वकिलीच्या पहिल्या वर्षी शिकलो होतो ते.”

“मग मी सांगितलं,” गादीवाल्या बाई म्हणाल्या.

“काय सांगितलंत, ते पुन्हा सांगा. यंत्रासमोर.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. आज कॅमेऱ्यावर रुमाल नव्हता. “मी म्हटलं, बरंच शिकवलं. ताठ बसायला शिकवलं. हात हलवायचे नाहीत, पाणी सारखं मागायचं नाही, दिराबद्दल वाईट बोलायचं नाही. आणि आता तुम्ही विचारलंत ना, त्याला ‘नाही’ म्हणायला शिकवत होते. ते मला जमलं नाही. किल्लीचं कुणी शिकवलं नाही. ते शिकवायला यांच्यापैकी तिथं होतं कोण?”

कठड्याच्या आत बसलेले मामंजी गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, “आणि न्यायाधीश! त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ‘दिराबद्दल वाईट म्हणजे काय?’ मग काय, नळ सुटला! पहाटे उठून हा बादल्या कशा भरतो, हिची घागर कशी लाथेनं सरकवतो, दोन वर्षं बोलणं कसं बंद आहे. तो पहारेकरी तिकडून ओरडला, ‘लाथ नाही मारली, पाय लागला!’ सगळं न्यायालय हसलं. आणि न्यायाधीश तिला म्हणाले, ‘इतकं वैर आहे, तरी त्याच्यासाठी बोलता?’”

“त्याच्यासाठी नाही म्हटलं मी,” बाई चहाचा पेला हातात फिरवत म्हणाल्या. “त्या दोघी दारावर हात मारत होत्या. मी पुढच्या बाजूनं ऐकत होते. त्यांच्यासाठी बोलते म्हटलं.”

बाईंचे हात हलत होते आणि कोणीही त्यांना थांबवले नाही.

मी सगळे दिवे पाहिले, मित्रांनो. त्या उत्तराला कोणता लावावा, हे मला कळेना. मी एकही लावला नाही.

पुढे निकाल लागला. पहारेकरी निर्दोष सुटला. मालकावर चौकशी बसली. त्याआधीच, साक्षीच्या दुसऱ्या दिवशी, गादीवाल्या बाईंचे नव्या शेडमधले काम गेले होते. वकीलबाई ओशाळून त्यांच्याकडे गेल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, “सुई माझी आहे. मालकानं दिली नव्हती.” आता त्या घरीच शिवतात आणि कचेरीतल्या यच्चयावत खुर्च्यांच्या गाद्या त्यांच्याच हातच्या आहेत. दीर कचेरीत आभार मानायला आला, तेव्हा वहिनी तिथेच होती. तो वकीलबाईंकडे तोंड करून म्हणाला, “यांना सांगा, उपकार झाले.” वहिनी खिडकीकडे पाहून म्हणाली, “त्याला म्हणावं, घागरीला पोचा पडलाय.” दोघांनीही एकमेकांकडे पाहिले नाही. नळ अजून सामाईकच आहे.

त्या खटल्यानंतर वकीलबाईंनी मला पुसून टाकायचे ठरवले. चपट्या संगणकातली नवी यंत्रणा घ्यायची. ती म्हणे साक्षीदाराच्या पापण्यासुद्धा मोजते. माझी बाजू कोणी घेतली असेल? मामंजींनी.

“सासूला घराबाहेर काढायचं नसतं,” ते म्हणाले. “तिला जरा वळण लावायचं असतं. ती घंटा काढ. आणि त्या ‘तयारी केली का’ प्रश्नाचं हिरवं उत्तर पुसून टाक. कोरं ठेव.”

तसे झाले. घंटा गेली. आता माझ्यासमोर कोणी बोलू लागला की तो थांबेपर्यंत मला ऐकावे लागते. कधी कधी फार ऐकावे लागते. काही माणसे मूळ मुद्द्यावर येण्याआधी तीन गल्ल्या फिरून येतात. पण तिसऱ्या गल्लीत त्यांना असे काही आठवते की मला माझ्या पहिल्या दोन प्रश्नांची लाज वाटते.

आता मी थकले आहे. माझ्या आतला छोटा पंखा घरघरतो, त्याच्या पात्यांवर धुळीचा थर आहे. नवी मुले चहाचे पेले माझ्या डोक्यावर ठेवतात. माझी विनंती नाही, आज्ञा आहे: ती धूळ पुसा आणि ते पेले उचला. जुन्या वस्तूला काम येत असते; तिला फक्त स्वच्छ आणि कोरडे ठेवावे लागते.

आणि मित्रांनो, संशय घ्यायला मी तुम्हाला मुळीच मना करणार नाही. माझ्या तोंडी ते शोभणारही नाही. जग सरळ नाही. डोळे उघडे ठेवा, दुसऱ्यांदा विचारा, गोड बोलणाऱ्याला तर तिसऱ्यांदाही विचारा. पण घरात बरणी फुटलेली असेल, समोर धाकटा भाऊ मान खाली घालून उभा असेल आणि तुम्ही ‘तूच ना?’ असे दरडावून विचारले असेल, तर तो ‘हो’ म्हणाल्यावर लगेच पाठ फिरवू नका. तिथेच उभे राहा. त्या ‘हो’च्या मागे त्याचे आणखी एक वाक्य अडकलेले असते. ते बाहेर यायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ त्याला तुमच्याशिवाय कोणी देणार नसते.